पाटीवरचे इंग्रजी : 'ऑफ', 'टू' आणि 'बाय'



शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर कुणी आईच्या स्मरणार्थ पाण्याची टाकी बांधून देते, कुणी वडिलांच्या नावे शाळेला बाके देते. सोबत पाटीचा मजकूर येतो आणि तो पुष्कळदा इंग्रजीत असतो. मागे अशी एक पाटी आमच्याच हातून चुकली. 'इन मेमरी ऑफ' लिहून पुढे वडिलांचे नाव, खाली मुलाचे. मधला 'डोनेटेड बाय' राहून गेला. मुलगा चांगला हयात असताना पाटीवर बापलेक दोघेही दिवंगत! फरशी नव्याने कोरून घ्यावी लागली. त्यांनी हसून सोडून दिले, आम्हाला मात्र लाज वाटली.

मराठीत नावाला 'यांच्या स्मरणार्थ' जोडले की काम भागते. इंग्रजीत तसे नाही. 'इन मेमरी' म्हटले की पुढे 'ऑफ' आणि लगेच दिवंगताचे नाव. देणाऱ्याचे नाव वेगळ्या ओळीत, 'बाय' लावून. व्यक्ती हयात असेल तर 'इन ऑनर ऑफ' लिहावे. तिथे 'मेमरी' शब्द चुकूनही नको.

'मेमोरिअल' म्हणजे प्रत्यक्ष स्मारक, आणि त्यापुढे 'टू' येतो. आपल्या मुरबाड तालुक्यातलेच उदाहरण घ्या. सिद्धगडावर २ जानेवारी १९४३ रोजी भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांना हौतात्म्य आले. त्यांच्या स्मारकाविषयी लिहिताना 'द मेमोरिअल टू भाई कोतवाल अँड हिराजी पाटील' असे लिहावे. आपण 'मेमोरिअल ऑफ' लिहितो, कारण मनात 'कोतवालांचे स्मारक' असते आणि 'चे'चा सरळ 'ऑफ' होतो. 'इन मेमोरिअल ऑफ' ही तर दोन्हींची खिचडी. ती कुठेच चालत नाही. स्थळापुढे 'ॲट सिद्धगड', तारखेपुढे 'ऑन'.

'कमेमोरेट' या क्रियापदाला मात्र काहीच जोडायचे नाही. गेटवे ऑफ इंडियावर १९११ मधील राजा पंचम जॉर्जच्या आगमनाचा लेख आहे, त्यात 'टू कमेमोरेट द लँडिंग' असे सरळ कोरले आहे.

यापुढे मजकूर पाठवताना दिवंगत कोण आणि देणारे कोण, हे कृपया मराठीतही लिहून पाठवावे. खरे तर पाटीही मराठीत असलेली बरी. टाकीवर पाणी भरायला येणाऱ्या बायकांनाही ते नाव वाचता येईल.