बाळंतिणीच्या खोलीतील शेगडीचा हिशेब

नाताळच्या सुमारास आपल्याकडे, विशेषतः खानापूरच्या बाजूला, थंडी बोचू लागते. घरात बाळंतीण असली म्हणजे वारा लागू नये म्हणून खिडक्या बंद होतात आणि बाजेखाली कोळशाची शेगडी सरकवली जाते. शेगडी अंगणात पेटवायची, धूर जाईपर्यंत वारा घालायचा आणि कोळसे लाल झाले की आत आणायची, ही जुन्या बायकांची रीत. त्याने डोळ्यांची जळजळ टळते हे खरे. परंतु धूर गेला म्हणजे धोका गेला, ही समजूत चुकीची आहे. ती का, हे दहावीच्या मुलाला जमेल अशा हिशेबाने पाहता येते. घरात शाळकरी मूल असेल तर त्याला कागद-पेन्सिल घेऊन जवळ बसवा.

कोळसा म्हणजे बहुतांशी कार्बन. राख आणि ओल बाजूला ठेवून आपण १ किलो शुद्ध कार्बन धरू. कार्बनचा अणुभार १२, प्राणवायूचा १६. कार्बनचा एक अणू नीट जळताना प्राणवायूचे दोन अणू घेतो. म्हणजे १२ भाग कार्बनला ३२ भाग प्राणवायू लागतो आणि ४४ भाग कार्बन डायऑक्साइड तयार होतो. त्याच प्रमाणात १ किलो कोळशाला २.६७ किलो प्राणवायू लागेल आणि ३.६७ किलो वायू बाहेर पडेल. सकाळी शेगडीत मूठभर राख उरते म्हणून कोळसा संपला असे आपण म्हणतो. तो संपलेला नसतो. साडेतीन पटींहून जास्त वजनाचा होऊन खोलीत पसरलेला असतो.

आता हवा किती लागली? हवेत वजनाने सुमारे २३ टक्के प्राणवायू असतो, तेव्हा २.६७ किलो प्राणवायूसाठी ११.६ किलो हवा हवी. एक घनमीटर हवेचे वजन सुमारे १.२ किलो, म्हणून ही हवा जवळजवळ १० घनमीटर झाली. दहा फूट लांब, दहा फूट रुंद, दहा फूट उंच खोलीत सारी मिळून २८ घनमीटर हवा मावते. तीत आई आहे, बाळ आहे, बहुधा सोबतीला आजीही आहे.

शेगडीत खालून हवा शिरते. खालच्या थरात कार्बन डायऑक्साइड तयार होतो, पण तो वरच्या लाल निखाऱ्यांमधून जाताना आणखी कार्बन उचलतो आणि कार्बन मोनॉक्साइड बनतो. निखाऱ्यांवर नाचणारी निळसर ज्योत आपण पाहिली असेल; तो हाच वायू वर हवा मिळून जळत असतो. हवा कमी पडली, किंवा निखारे रात्रभर टिकावेत म्हणून त्यांच्यावर राख सारली, की ज्योत विझते आणि वायू न जळता खोलीत येतो. त्याला रंग नाही, वास नाही, धूर नाही. रक्तातील ज्या लाल द्रव्याने प्राणवायू शरीरभर नेला जातो, त्याला हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो.

उष्णतेचाही हिशेब पाहू. १ किलो कार्बन पूर्ण जळला तर सुमारे ७,८०० किलोकॅलरी उष्णता मिळते. तोच अर्धवट जळून सगळा मोनॉक्साइड झाला तर फक्त २,२००. म्हणजे पैसे पूर्ण कोळशाचे द्यायचे आणि ऊब तिसऱ्या हिश्श्याहून कमी घ्यायची! शेगडीत दोन्ही प्रकारचे जळणे एकाच वेळी चालू असते, म्हणून प्रत्यक्ष आकडा या दोहोंच्या मध्ये कुठेतरी पडतो.

पण विषासाठी फार कोळसा लागतच नाही. किलोतला शंभरावा हिस्सा, म्हणजे १० ग्रॅम कार्बन, अर्धवट जळला असे धरा. १२ भागांचे येथे २८ भाग होतात, म्हणून २३ ग्रॅम मोनॉक्साइड झाला. त्याची जागा सुमारे २० लिटर. खोली २८,००० लिटरची. दहा हजार भागांत सात भाग. एवढ्याने तासाभरात डोके दुखू लागते, मळमळते. आणि तसेच झोपून राहिल्यास काही तासांत जीवही जाऊ शकतो. तान्हे बाळ मोठ्या माणसापेक्षा भरभर श्वास घेते, त्यामुळे त्याला लवकर बाधते.

‘आमच्या आजीने दहा बाळंतपणे शेगडीवर केली, कुणाला काही झाले नाही,’ असे उत्तर मला पुष्कळदा मिळते. आजी खोटे बोलत नाही. तिचे घर कौलारू होते. कौलांच्या फटींतून गरम वायू रात्रभर वर निघून जात असे. आता वर स्लॅब आहे, खिडक्यांना काचा आहेत आणि दाराखाली आपण गोणपाट सारतो. शेगडी तीच राहिली, घर बदलले.

मग ऊब कशी द्यावी? दीड लिटर पाणी ६० अंशांवरून ३५ अंशांपर्यंत निवताना ३७ किलोकॅलरी देते. अडीच किलोची वीट ८० अंशांवरून ३० अंशांपर्यंत निवली तरी सुमारे २५ च देते. तेव्हा विटेपेक्षा पाण्याची पिशवी बरी. मात्र ती जाड फडक्यात गुंडाळून आईच्या पायांशी ठेवावी, बाळाच्या अंगाला लावू नये. बाळासाठी आईच उत्तम. आडवी पडलेली आई दिवसाला दीड हजार किलोकॅलरींच्या आसपास, म्हणजे तासाला ६० उष्णता बाहेर टाकते. बाळाला टोपी घालून आईच्या उघड्या छातीशी धरावे आणि वरून दोघांना पांघरावे.

शेकासाठी शेगडी हवीच असेल तर ती ओसरीवर ठेवावी, तिच्यावर फडके गरम करून आत न्यावे. निखारे आत ठेवून कुणीही झोपू नये. एकाच खोलीतील दोघा-तिघांचे डोके एकदम दुखू लागले, कुणी सुस्तावले किंवा हाक मारूनही उठेना, तर थंडी बाधली, दृष्ट लागली असे म्हणत बसू नये. आधी दारे-खिडक्या उघडाव्यात, सर्वांना मोकळ्या हवेत आणावे, शेगडी बाहेर काढावी आणि लगेच दवाखाना गाठावा. तेथे ‘खोलीत कोळशाची शेगडी होती’ हे पहिल्याच वाक्यात सांगावे, म्हणजे प्राणवायू देण्यात वेळ जाणार नाही.