एका शेताची चार खाती

आपल्या कापड व्यवसायाची वर्षाची कमाई ईद, दिवाळी आणि लग्नसराई या हंगामांवर उभी असते. 2020 साली टाळेबंदीमुळे ऐन रमजानमध्ये पुण्यातील कापड दुकाने बंद राहिली. त्याच दिवसांत दुधाचा भाव पडला, पण दूध गोळा होणे थांबले नाही. म्हणून आपण दुकाने विकून गायी घ्याव्यात असे आम्ही म्हणत नाही. परंतु गुरे, झाडे आणि पिके एकत्र सांभाळणारे शेतकरी कुटुंब हिशेब कसा मांडते, हे व्यापारी व कारागीर बांधवांनी जरूर पाहावे.

पुण्याहून सोलापूर रस्त्याने सुमारे 30 किलोमीटरवर उरुळीकांचन आहे. 1946 साली गांधीजींबरोबर आलेले मणिभाई देसाई येथेच राहिले आणि 1967 साली त्यांनी 'बायफ' ही संस्था उभारली. संकरित गायींच्या कामामुळे ती नावारूपाला आली. 1982 पासून तिने गुजरातमधील वांसदा भागात आदिवासी कुटुंबांसाठी 'वाडी' सुरू केली. पुढे हे काम आपल्याकडे जव्हार भागातही झाले. सुमारे एक एकरात आंबा-काजूची कलमे, मधल्या जागेत धान्य व भाजी, आणि कडेने चारा, जळण व लाकूड देणारी झाडे, अशी ही रचना आहे.

अशा शेतात गुरे-शेळ्यांची जोड असली की चार खाती दिसतात.

पहिले रोजचे, म्हणजे दुधाचे. यातून घरखर्च चालतो. मात्र पेंड-चाऱ्याचा खर्चही रोजचाच. शिवाय 2015 पासून बैल-गोऱ्ह्यांनाही कत्तलबंदी लागू असल्याने बिनकामाचे जनावर पोसण्याची रक्कम आधीच धरावी लागते.

दुसरे हंगामाचे, म्हणजे धान्य व फळांचे.

तिसरे अडीअडचणीचे, म्हणजे शेळ्यांचे. शेळी पाच महिन्यांत विते आणि गरज पडताच बाजारात विकता येते. बोकड बकरी ईदपर्यंत राखला तर भावही चांगला येतो.

चौथे लांब मुदतीचे, म्हणजे लाकडाचे. बांबू चार-पाच वर्षांत तोडीला येतो. 2017 च्या दुरुस्तीनंतर जंगलाबाहेरील बांबू कायद्याने 'झाड' राहिलेला नाही. सागाला मात्र वीस वर्षे आणि त्याहून अधिक थांबावे लागते. तो स्वतःच्या बांधावरचा असला तरी 1964 च्या राज्य कायद्याप्रमाणे तोडण्यापूर्वी परवानगी लागते. हा पैसा मुलांसाठी, असे समजूनच झाड लावावे.

नुकसानीचाही हिशेब हवा. जुन्नर, आंबेगाव, शिरूर भागात उसात बिबटे राहतात. तेथील शहाणा शेतकरी शेळ्या रात्री बंदिस्त गोठ्यात ठेवतो. तरीही जनावर गेले तर ते न हलवता वनखात्याला लगेच कळवतो, कारण पंचनामा झाल्यावरच भरपाई मिळते. गोठ्याचे दार आणि जाळी हा त्याचा विमाच होय.

येथे खरा धडा असा की ही चार खाती म्हणजे चार वेगळे धंदे नव्हेत. पिकाचा कडबा गाईला, गाईचे शेण पिकाला आणि बांधावरचा पाला शेळीला मिळतो. एकाचा टाकाऊ माल दुसऱ्याचा कच्चा माल ठरतो, म्हणून खर्च वाढत नाही. आपल्याकडे कापडवाला ओळख नसलेल्या धंद्यात भांडवल घालतो आणि दोन्हीकडे ओढाताण होते. त्याऐवजी दुकानाला शिलाईची जोड द्यावी, शिलाईच्या कात्रणातून पिशव्या-गोधड्या व्हाव्यात, शाळांच्या गणवेशाचे काम घ्यावे. गिऱ्हाईक आणि माल ओळखीचाच राहतो, पैसा मात्र वेगवेगळ्या वेळी येतो.

बांधवांनो, एका कागदावर रोजचे, हंगामाचे, अडचणीचे आणि मुलांसाठीचे असे चार रकाने आखा व आपली मिळकत त्यांत लिहा. भावाभावांत एकेक खाते वाटून द्या, हिशेब मात्र एकाच वहीत ठेवा. जो रकाना रिकामा दिसेल, त्याच्यापासून पुढच्या हंगामाची सुरुवात करा.