ताणलं तरी चमकणारं कापड

पहाटे पाच-साडेपाचला हॉस्टेलमधून धावायला किंवा सायकल घेऊन बाहेर पडणारे आपल्यात बरेच जण आहेत. कोणी निगडीच्या दुर्गा टेकडीकडे जातं, कोणी मोशीवरून पुणे-नाशिक हायवेने थेट चाकणच्या दिशेला. त्या वेळी फर्स्ट शिफ्टच्या कंपनी बसेस निघालेल्या असतात आणि कंटेनर-ट्रेलर तर रात्रभर चालूच असतात. आपला ट्रॅकसूट मात्र काळा नाहीतर गडद निळा. चमकणारं जॅकेट असलं तरी ते खोलीत खिळ्याला टांगलेलं असतं, कारण दोन किलोमीटरनंतर आत घामाची आंघोळ होते. जे अंगावर घालवत नाही, ते कितीही चमकलं तरी उपयोग शून्य. म्हणून प्रश्न असा आहे की चमक, ताण आणि हवा या तिन्ही गोष्टी एकाच कापडात कशा बसवायच्या?

आधी चमक. आरशावर तिरपा पडलेला उजेड भलतीकडे निघून जातो. रेट्रोरिफ्लेक्टिव्ह पट्टी तो आला त्याच दिशेने परत पाठवते. ड्रायव्हरचे डोळे हेडलाइटच्या जवळपास असल्यामुळे त्याला ती झगझगीत दिसते, पण बाजूला उभ्या असलेल्या माणसाला नुसती राखाडी. पट्टीवर केसापेक्षाही बारीक काचेचे मणी असतात आणि त्यांच्या मागच्या अर्ध्या भागाला ॲल्युमिनिअमचा मुलामा असतो. फर्स्ट इयरचं फिजिक्स इथे कामाला येतं. मण्याचा अपवर्तनांक १.९ धरला, तर फोकस केंद्रापासून त्रिज्येच्या १.०६ पट अंतरावर येतो, म्हणजे जवळजवळ मागच्या भिंतीवरच. पण मण्यावर पाणी साचलं की हिशोब १.९ भागिले १.३३, म्हणजे १.४३ ने करावा लागतो आणि फोकस १.६६ पट लांब, मण्याच्या बाहेर जातो. पावसात उघड्या मण्यांची चमक पडते ती यामुळे. ईएन आयएसओ २०४७१ या २०१३ च्या स्टँडर्डमध्ये पट्टीला कोरडी असताना किमान ३३० कँडेला प्रति लक्स प्रति चौरस मीटर आणि पावसाच्या टेस्टमध्ये किमान १०० एवढी अपेक्षा आहे. आपल्याकडचे चार महिने लक्षात घेता दुसरा आकडा जास्त महत्त्वाचा.

फ्लोरोसंट पिवळा रंग ही वेगळी गोष्ट आहे. तो सूर्यप्रकाशातले अल्ट्राव्हायोलेट किरण घेऊन काम करतो. उजाडताना उत्तम, काळोखात जवळजवळ काहीच नाही.

आता कापड. मराठीत लूमवरच्या कापडालाही विणलेलं म्हणतात आणि स्वेटरलाही, त्यामुळे घोटाळा होतो. लूमवर उभे-आडवे धागे सरळ असतात, म्हणून ते कापड फारसं ताणत नाही. होजिअरीत म्हणजे निटिंगमध्ये एकाच धाग्याचे फास एकमेकांत अडकवलेले असतात. (कॉन्व्हेंटच्या निडलवर्कच्या तासाला शिकलेले निट आणि पर्ल म्हणजेच आजीचे सुलट-उलट टाके, हे मला कॉलेजात आल्यावर कळलं!) ओढलं की आधी फासाचा आकार बदलतो, धागा नंतर ताणतो. इचलकरंजी हे लूमचं गाव, निटिंगसाठी तिरुपूरचं नाव आहे. फास परत जागेवर यावेत म्हणून स्पँडेक्स घालतात. हा धागा १९५८ साली ड्यूपाँटच्या जोसेफ शिव्हर्स यांनी शोधला. तो नसेल तर ट्रॅकपँटच्या गुडघ्याला पिशवी येते. घामाच्या बाबतीत कॉटनपेक्षा पॉलिस्टर बरं, कारण नेहमीच्या हवेत कॉटन साधारण ८.५ टक्के पाणी धरून ठेवतं आणि पॉलिस्टर फक्त ०.४ टक्के.

खरी अडचण पुढेच आहे. गुडघा पूर्ण वाकवला की त्यावरची कातडी लांबीत ३५ ते ४५ टक्के वाढते, पण मण्यांची पट्टी जवळजवळ ताणतच नाही. अखंड पट्टी लावली तर ती कापडाला जखडते, शेवटी तडे जातात किंवा कडा सुटतात. यावर उपाय म्हणून तुकड्या-तुकड्यांची हीट ट्रान्सफर पट्टी मिळते. मधल्या फटींमधून कापड ताणतं, हवाही जाते. पण हिशोब करून बघा. ७० टक्के भाग पट्टीने झाकला, तर सगळा ताण उरलेल्या ३० टक्के कापडावर येतो. एकूण ४० टक्के ताण हवा, तर फटीतल्या कापडाला १३३ टक्के ताणावं लागेल! प्रत्येक पावलाला. माझ्या मते ही पट्टी गुडघ्यावर लावूच नये. तीच पट्टी नडगीवर, जिथे समजा १० टक्केच ताण आहे, तिथे लावली तर फटीवर फक्त ३३ टक्के येतो.

आणि गंमत म्हणजे ड्रायव्हरलाही तेच हवं असतं. स्वीडनचे गुनार योहान्सन यांनी १९७३ मध्ये दाखवून दिलं की अंधारात फक्त सांध्यांवरचे ठिपके हलताना दिसले तरी बघणारा लगेच माणूस ओळखतो. तेच ठिपके स्थिर असले तर काही कळत नाही. पुढे रस्त्यावरच्या प्रयोगांतही घोट्या-गुडघ्यांजवळच्या पट्ट्यांमुळे माणूस जास्त लांबून ओळखता आला. नुसत्या छातीवरची चमक बोर्डाचीही असू शकते, पण वरखाली होणारे दोन पाय माणसाचेच.

घोट्याला मात्र वेगळी भानगड आहे. टेप घेऊन मोजा. घोट्याचा घेर समजा २४ सेंटिमीटर, पण पँट टाचेवरून चढवायला ३३ लागतात. गोल अखंड पट्टी लावली तर पाय आत जाणारच नाही. पुढे सहा आणि मागे सहा सेंटिमीटर पट्टी लावून बाजू मोकळ्या सोडल्या, तर उरलेल्या १२ सेंटिमीटरला ९ ताणायचं आहे, म्हणजे ७५ टक्के. स्पँडेक्सचं चांगलं निट आडवं एवढं ताणतं. चौकात बाजूने येणाऱ्या गाडीसाठी मधे एक-दोन बारीक ठिपके टाकता येतील.

रिफ्लेक्टिव्ह धागाही मिळतो. पण तो मण्यांच्या फिल्मच्या बारीक चिरफळ्यांचा असल्यामुळे सुईच्या आकड्यात वाकवला की तुटू शकतो. त्याचे टाके न घालता ओळीत नुसता आडवा सोडलेला बरा. मग आडवा ताण जातो, उभा राहतो. म्हणून खांद्यामागे चालेल, मांडीवर नको.

पाठीवरचं जॅकेट बाद करा असं मी म्हणत नाही. पुण्यातून निघणाऱ्या २०० ते ६०० किलोमीटरच्या बीआरएम राइड्स पॅरिसच्या ऑडॅक्स क्लबच्या नियमांनी चालतात आणि त्यात रात्री रिफ्लेक्टिव्ह जॅकेट किंवा पट्टा सक्तीचा आहे. ६०० ला ४० तासांची मुदत असते. इतका वेळ कडक, न ताणणारं जॅकेट घालून हँडलवर वाकून बसायचं म्हणजे काय होत असेल, याचा विचार करून बघा. तिथे जाळीचं निट आणि तुकड्यांची पट्टी हवीच.

शेवटी हॉस्टेलवाल्यांसाठी एक सूचना. असे कपडे बादलीत रात्रभर भिजवून ब्रशने घासू नका, मणी निघून जातात. उलटे करून हाताने धुवा, पिळू नका, पट्टीवर इस्त्री फिरवू नका. चमक शिल्लक आहे का ते बघायचं असेल, तर खोलीतला दिवा घालवून टॉर्च अगदी डोळ्याशेजारी धरा आणि कॉरिडॉरच्या दुसऱ्या टोकाला कपडा टांगा. टॉर्च कमरेशी धरला तर नवी पट्टीसुद्धा फिकी दिसेल.