समुद्राचा पाठ : पडद्यावरील ज्ञान आणि दारातील किनारा



आपल्या कुडाळ तालुक्यातील बहुसंख्य शाळांच्या पटांगणातून समुद्र दिसत नाही. त्यामुळे समुद्रविज्ञान हा मालवण, वेंगुर्ले, देवगड या किनारी तालुक्यांचा विषय, आपला नव्हे, असा समज सहजच होतो. परंतु कुडाळ गावाजवळून वाहणारी भंगसाळ पुढे कर्लीच्या रूपाने नेरूर-वालावलकडून खाली उतरते व देवबाग-भोगवे यांच्यामधून समुद्रास मिळते. भरतीचे खारे पाणी त्याच वाटेने उलट आत शिरते. आपल्या मुलांच्या ताटातील बांगडा, आषाढातील पाऊस आणि खाडीकाठच्या शेतातील खार या तिन्ही गोष्टी समुद्राच्याच आहेत. तेव्हा हा पाठ आपल्याही शाळेचा आहे.

१. आज उपलब्ध असलेली साधने

पूर्वी समुद्राविषयी शिकवावयाचे तर शिक्षकापाशी पाठ्यपुस्तक, नकाशा व पृथ्वीचा गोल एवढीच सामग्री असे. २०२० साली शाळा बंद पडल्या, तेव्हा मोबाइलच्या पडद्यावरून पाठ देण्याची सवय आपणा सर्वांस सक्तीने लागली. शाळा पुन्हा उघडल्या. परंतु ते साधन हाती राहिले. २०१७ साली सुरू झालेल्या ‘दीक्षा’ व ‘स्वयम्’ या दोन व्यासपीठांवर शालेय पाठ्यसामग्रीपासून विद्यापीठीय अभ्यासक्रमापर्यंत पुष्कळ काही घरबसल्या मिळते. आपल्यापासून फार दूर नसलेल्या गोव्यात, दोना पावला येथे, १९६६ साली स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. हैदराबाद येथे १९९९ पासून भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र, म्हणजेच ‘इन्कॉइस’, कार्य करीत आहे. तेथील समुद्रविज्ञानाच्या प्रशिक्षण केंद्रास युनेस्कोची मान्यता आहे. संयुक्त राष्ट्रसंघाने २०२१ ते २०३० हे महासागरविज्ञानाचे दशक म्हणून जाहीर केले असून, समुद्राचे ज्ञान सर्वसामान्य नागरिकापर्यंत पोहोचविणे हा त्याच्या उद्देशांपैकी एक आहे.

साधनांची वाण आहे असे आता म्हणता येणार नाही. प्रश्न आहे तो त्यांच्या उपयोगाचा. पडद्यावर दूरदेशीचे निळे पाणी व रंगीत मासे दाखवावेत, मुलांनी ‘वा’ म्हणावे आणि घंटा व्हावी, एवढ्याने समुद्र शिकविल्यासारखे होत नाही. पडद्यावर पाहिलेली गोष्ट मुलाने आपल्या किनाऱ्यावर, खाडीवर किंवा घरच्या अनुभवावर पडताळून पाहिली, तरच ती त्याचे ज्ञान होते. प्रस्तुत लेखाचा मुख्य मुद्दा हाच आहे.

२. एक जुना अनुभव

नोकरीच्या आरंभीच्या काळात मी एका खाडीकाठच्या शाळेत शिकवीत होतो. भरती-ओहोटीचा पाठ गोलाच्या साहाय्याने, मला वाटले, उत्तम झाला. दिवसातून दोनदा पाणी चढते, हे सांगून मी दुसऱ्या दिवशी वर्गास धक्क्यावर नेले व म्हणालो, “आता पाणी शेवटच्या पायरीपर्यंत येईल, पाहा.” मागच्या रांगेतील एक मुलगा हळूच म्हणाला, “गुरुजी, आज आठम. आज भांग. पाणी थंयसर येवचा नाय.” मी त्यास गप्प केले. पाणी वरच्या दोन पायऱ्या कोरड्या ठेवून माघारी वळले.

त्या मुलाचे वडील रापणीवर जात. अष्टमीच्या सुमारास सूर्य व चंद्र यांच्या ओढीच्या दिशा एकमेकींशी काटकोनात येतात, त्यामुळे भरती कमी चढते. हे कारण त्यास ठाऊक नव्हते. परंतु घडणारी गोष्ट अचूक ठाऊक होती. मला कारण ठाऊक होते. परंतु त्या दिवशी तिथी कोणती, हे मी पाहिलेही नव्हते. दोन अर्धी ज्ञाने एकाच वर्गात बसली होती आणि त्यांपैकी एकास मी गप्प केले होते. पुढील दोन पाठ या चुकीच्या आठवणीतून तयार झाले आहेत.

३. पाठ पहिला : भरतीचे वेळापत्रक (इयत्ता पाचवी ते सातवी)

पूर्वतयारी. पाठाच्या आदल्या आठवड्यात मुलांनी घरातील वडीलधाऱ्यांस विचारून यावे : भरतीची वेळ तुम्ही कशी ओळखता? मच्छीमारांची घरे जवळ नसतील, तर बाजारातील मासळीवाल्या मावशींना विचारावे.

प्रस्तावना. कोकणात तिथीवरून भरतीची वेळ काढण्याचा ढोबळ हिशेब फार जुना आहे. तिथीस पाऊण या संख्येने गुणावे. येईल त्या वाजण्याच्या सुमारास पूर्ण भरती. पंचमीस पाच गुणिले पाऊण म्हणजे पावणेचार. अष्टमीस सहा. हे उदाहरण फलकावर मुलांकडूनच सोडवून घ्यावे. पाऊणकीची उजळणीही आपोआप होते.

विषयप्रतिपादन. यानंतर पडद्याचा उपयोग करावा. चंद्र पृथ्वीभोवती फिरतो व त्याच वेळी पृथ्वी स्वतःभोवती फिरते, हे चलच्चित्रात जितके स्पष्ट दिसते तितके गोलावर दाखविता येत नाही. चंद्र पुढे सरकल्यामुळे तो पुन्हा आपल्या माथ्यावर येण्यास सुमारे २४ तास ५० मिनिटे लागतात. म्हणून भरती रोज सुमारे ५० मिनिटे मागे पडते व लागोपाठच्या दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटांचे अंतर राहते. अमावास्या व पौर्णिमा यांच्या सुमारास सूर्य व चंद्र यांची ओढ एका रेषेत येऊन उधाण येते. अष्टमीच्या सुमारास भांग असतो.

तुलना. आजोबांचा हिशेब रोज ४५ मिनिटे धरतो, शास्त्र सुमारे ५० मिनिटे सांगते. मग आजोबा चुकले काय? तसे नव्हे. घड्याळाशिवाय होडी लोटण्यास तो हिशेब पुरेसा होता. शिवाय भरतीची वेळ बंदरागणिक बदलते. पश्चिम किनाऱ्यावर भरती दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकते, म्हणून मालवणास ती मुंबईच्या आधी पूर्ण होते. आणि नदीच्या मुखापासून आत खाडीत पोहोचेपर्यंत तीस आणखी वेळ लागतो.

उपयोजन. भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी भरती-ओहोटीची कोष्टके प्रसिद्ध करतो. कोष्टकातील वेळ, तिथीच्या हिशेबाने आलेली वेळ व प्रत्यक्ष पाहिलेली वेळ असे तीन रकाने आखून एका पंधरवड्याची नोंद ठेवावी. आपल्या गावच्या धक्क्यासाठी किती मिनिटांची दुरुस्ती करावी लागते, हे मुलांनी स्वतः काढावे. ती संख्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही. ती मुलांची स्वतःची मिळकत होय.

४. पाठ दुसरा : अडीच मीटर म्हणजे किती? (इयत्ता सहावी व सातवी)

इन्कॉइसकडून मच्छीमारांसाठी दोन प्रकारची माहिती प्रसृत होते. पहिली, मासळी कोठे मिळण्याचा संभव आहे याविषयीची. उपग्रहाच्या साहाय्याने समुद्रपृष्ठाचे तापमान व पाण्यातील हरितद्रव्य मोजतात. हरितद्रव्य जेथे अधिक तेथे सूक्ष्म वनस्पती, म्हणजे प्लवक, अधिक. आणि प्लवकांमागोमाग मासळी येते. दुसरी माहिती म्हणजे समुद्राच्या स्थितीचा अंदाज : वारा, प्रवाह व लाटांची उंची. ही माहिती मराठीतही मिळते. परंतु अक्षरे वाचता येणे व अर्थ कळणे यांत अंतर आहे. त्या अंतराची किंमत किती मोठी असते, हे या किनाऱ्याने पाहिले आहे. नोव्हेंबर २००९ मध्ये फयान चक्रीवादळाने कोकणातील नौका भर समुद्रात गाठल्या व अनेक खलाशी परत आले नाहीत. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळाचा तडाखा मालवण-देवगडच्या किनाऱ्यास बसला.

अंदाजात लाटांची उंची २.५ मीटर, असा आकडा असतो. सर्वांत मोठी लाट अडीच मीटरांची, असाच त्याचा अर्थ ऐकणारा घेतो. वस्तुतः ती सर्वांत मोठ्या लाटेची उंची नव्हे. सर्व लाटांपैकी जो एक-तृतीयांश भाग सर्वांत उंच लाटांचा, त्याची ती सरासरी होय. पुढील उदाहरण फलकावर लिहावे.

बारा लाटांची उंची, मीटरमध्ये : १.०, १.२, ०.८, २.४, १.६, ३.०, १.४, २.०, ०.६, २.६, १.८, ०.८.

मुलांनी प्रथम सर्व लाटांची सरासरी काढावी. बेरीज १९.२, भागिले १२, उत्तर १.६ मीटर. नंतर सर्वांत उंच चार लाटा निवडाव्यात : ३.०, २.६, २.४ व २.०. त्यांची बेरीज १०, सरासरी २.५ मीटर. अंदाजातील आकडा हा. आता सर्वांत मोठी लाट पाहावी : ती ३ मीटर आहे, म्हणजे सांगितलेल्या आकड्याहून मोठी. येथे तर आपण केवळ बाराच लाटा घेतल्या. समुद्रात काही तासांत शेकडो लाटा येतात व त्यांतील एखादी सांगितलेल्या आकड्याच्या जवळजवळ दुपटीची असू शकते. म्हणजेच २.५ मीटरांचा इशारा असता सुमारे ५ मीटरांच्या एखाद्या लाटेची शक्यता मनात धरून चालावे.

सरासरीचे एवढे जिवंत उदाहरण गणिताच्या पुस्तकात क्वचित मिळेल. ‘इशाऱ्यातील आकडा सर्वांत मोठ्या लाटेचा नव्हे’ हे वाक्य मुलांनी वहीत ठळक लिहावे व घरी वाचून दाखवावे, एवढाच या पाठाचा गृहपाठ.

याच पाठात आणखी एक गोष्ट सांगावी. आपल्याकडे वारा पडलेला असतानाही कधी कधी मोठ्या, लांबलचक लाटा किनाऱ्यावर येऊन आदळतात. त्या हजारो किलोमीटर दूर, दक्षिणेकडील समुद्रात उठलेल्या वादळांतून निघून कित्येक दिवसांनी येथे पोहोचतात. डोळ्यांना दिसणारे आकाश निरभ्र असले म्हणजे इशारा खोटा, असे समजू नये.

५. दारातील संपत्ती

पडद्यावर परदेशातील प्रवाळ दाखविण्यापूर्वी मुलांना हे सांगावे की, शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर बांधविलेल्या सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरातील पाण्यातही प्रवाळ आहे. १९८७ साली मालवण सागरी अभयारण्य जाहीर झाले. त्याचे क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर आहे. प्रवाळ हा दगड नव्हे. तो सूक्ष्म प्राण्यांच्या वसाहतीने बांधलेला सांगाडा होय, एवढे कळले तरी सहलीस गेलेले मूल तो तोडून खिशात घालणार नाही. तसे करणे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये गुन्हाही आहे.

जेथे मालवणची सहल शक्य नाही, तेथे खाडीकाठचे कांदळवन आहे. कालवे, खुबे, कुर्ल्या, कांदळाची वर आलेली मुळे यांची चित्रे काढून खाली मालवणी नाव व पाठ्यपुस्तकातील नाव असे दोन्ही लिहावे. मुंबईत २०१७ पासून सामान्य नागरिकांचा एक गट ओहोटीच्या वेळी किनारे हिंडून तेथील जीवांची छायाचित्रे काढतो व इंटरनेटवरील सार्वजनिक नोंदवहीत ती नोंदवितो. एवढ्या गजबजलेल्या शहरात जे साधते, ते आपल्या शांत खाड्यांवर का साधू नये?

६. आजन्म शिक्षण

१ जून ते ३१ जुलै या काळात राज्यात यांत्रिक नौकांच्या मासेमारीस बंदी असते. जाळी दुरुस्त करण्याचे हे दिवस आणि आपल्या शाळा सुरू होण्याचेही हेच दिवस. या काळात एखाद्या सायंकाळी पालकांस शाळेत बोलवावे. आरंभी त्यांना सांगण्यापेक्षा विचारावे : वाऱ्याची, पाण्याच्या रंगाची, मासळीच्या हंगामाची तुमची खूण कोणती? ती वहीत उतरवून घ्यावी. मग मुलांनी लाटेच्या सरासरीचे उदाहरण पालकांसमोर फलकावर सोडवून दाखवावे. ज्या घरातील मोठ्या माणसांनी शाळा लवकर सोडली, त्या घरात मुलाच्या तोंडून विज्ञान शिरते व मोठ्यांच्या तोंडून अनुभव शाळेत येतो. प्रौढशिक्षणाचा याहून सोपा मार्ग मला ठाऊक नाही.

शिक्षकाचेही शिक्षण पदविकेबरोबर संपत नाही. वर्षातून एक तरी दूरशिक्षणाचा लहान अभ्यासक्रम आपण प्रत्येकाने पुरा करावा. प्रमाणपत्र सेवापुस्तकात जाईल. वर्गात काय गेले, हे मात्र मुलांच्या वह्या सांगतील.

७. काही सूचना

(अ) पावसाळ्यात व उधाणाच्या दिवशी मुलांस पाण्याजवळ नेऊ नये. अन्य वेळी पालक व स्थानिक मच्छीमार सोबत असल्याशिवाय जाऊ नये.

(आ) चित्रफीत दहा मिनिटांहून अधिक दाखवू नये. ती मध्येच थांबवून प्रश्न विचारावेत. जेथे इंटरनेट मिळत नाही, तेथे ती आधीच उतरवून ठेवावी; तेही जमले नाही, तर पाठ फलकावर घ्यावा. वरील दोन्ही पाठ पडद्याविना होऊ शकतात.

(इ) मोबाइलवर फिरणारा प्रत्येक इशारा खरा नसतो. तो कोणत्या संस्थेचा व कोणत्या तारखेचा आहे, हे आधी पाहण्याची सवय मुलांस लावावी.

(ई) मुलाने मालवणीत उत्तर दिले, तर भाषा सुधारण्यापूर्वी उत्तर ऐकावे.

पुढील केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत प्रत्येक शाळेने आपली पंधरवड्याची भरतीची वही सोबत आणावी. नदीच्या वरच्या अंगाच्या शाळांनी भरतीचे पाणी किंवा त्याची खार कोठपर्यंत येते, याची नोंद आणावी. सर्व वह्या शेजारी शेजारी ठेवल्या म्हणजे भरती देवबागच्या मुखापासून आपल्या तालुक्यात कशी व केव्हा चढते, याचा नकाशा आपल्या मुलांच्या हातून तयार होईल. आणि त्या वर्गांत मागच्या रांगेतील एखाद्या मुलाने “गुरुजी, आज भांग” असे म्हटले, तर त्यास पुढे बोलावून खडू त्याच्या हाती द्यावा.