अर्थिंग तोडून गप्प केलेला अ‍ॅम्प

तुळजाभवानीच्या आराधी गाण्यांच्या जुन्या कॅसेटी संगणकात उतरवायला घेतल्या, तेव्हा बारीक ऐकण्यासाठी हेडफोन अ‍ॅम्प्लिफायर लागला. तुळजापूर आमच्याच जिल्ह्यात असल्यामुळे बेंबळी गावाच्या आसपास अशा कॅसेटी अजून घरोघरी निघतात, आणि त्यातले आवाज पुन्हा मिळणारे नाहीत. नवं यंत्र परवडेना, म्हणून वापरलेलं घेतलं. विकणाऱ्याकडे ते स्वच्छ वाजलं होतं. घरी शहाबादी फरशीवर अनवाणी उभं राहून त्याच्या पत्र्याच्या डबीला हात लावला, तर बोटांना झिणझिण्या आल्या.

अशा झिणझिण्या आल्या की प्लग काढायचा आणि आधी अर्थिंग बघायचं. आवाजाची दुरुस्ती त्यानंतर. मी डबी उघडली तर हिरवी वायर कापून तिच्यावर चिकटपट्टी गुंडाळलेली होती. घूं असा आवाज येतो म्हणून कुणीतरी अर्थच तोडला होता. हा उपाय आपल्याकडे सर्रास करतात. आवाज थांबतोही, पण उद्या ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन गेलं तर २३० व्होल्ट थेट पत्र्यावर येतात, आणि हे यंत्र वापरणाऱ्याच्या तर डोक्यालाच तार बांधलेली असते.

वायर जोडली, तरी भिंतीतल्या तिसऱ्या भोकात खरंच अर्थ आहे का, हा प्रश्न उरतोच. आमची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो. वायरमनकडून फेज आणि अर्थ यांच्यातला व्होल्टेज मोजून घ्या. तो फेज-न्यूट्रलच्या जवळपास भरला पाहिजे. आमच्याकडे तो बराच कमी भरला. खड्ड्यात मीठ-कोळसा भरून पाणी सोडल्यावर सुधारला.

अर्थ जोडताच घूं परत आली, पण लॅपटॉप जोडलेला असतानाच. चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवला की ती गायब व्हायची. यावरून दोष अ‍ॅम्पमध्ये नाही, हे कळतं. चार्जरचा अर्थ, अ‍ॅम्पचा अर्थ आणि मधली सिग्नलची केबल मिळून एक वेटोळं तयार होतं, त्यात ५० हर्ट्झचा प्रवाह फिरतो आणि तोच कानात येतो. दोन्ही प्लग एकाच एक्स्टेंशन बोर्डावर लावल्यावर तो पुष्कळ कमी झाला. उरलेल्यासाठी केबलमध्ये ऑडिओचा छोटा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर बसवला. तो स्वस्त मिळतो आणि अर्थ शाबूत ठेवून काम करतो.

खरा शोध पुढे लागला. काहीही जोडलेलं नसताना, व्हॉल्यूम शून्यावर असतानाही संध्याकाळी एक गुणगुण यायची. ती आधीच्या घूंपेक्षा वरच्या सुरातली होती. डायोडच्या पुलातून गेल्यावर ५० चे १०० हर्ट्झ होतात, म्हणजे बरोबर एक सप्तक वर. भजनात बसणाऱ्या कानाला हा फरक लगेच कळतो. ही गुणगुण वाढायची ती शेतातल्या मोटारी चालू असताना. मल्टिमीटर लावला तर बोर्डावर १९० व्होल्टसुद्धा नव्हते. आत १५ व्होल्टचा रेग्युलेटर होता. त्याला आत येणारा दाब बाहेरच्यापेक्षा साधारण दोन व्होल्ट जास्त लागतो, नाहीतर ती १०० हर्ट्झची लहर तशीच पुढे जाते. दाब घसरलेला, त्यात फिल्टरचे कंडेन्सर उष्णतेनं वाळलेले, त्यामुळे लहरीचा तळ त्या मर्यादेखाली जात होता. स्टॅबिलायझर लावून पाहिला, गुणगुण उतरली, खात्री झाली.

कंडेन्सर बदलताना मायक्रोफॅरड तेवढेच घ्या, व्होल्ट तेवढे किंवा थोडे जास्त चालतात. १०५ अंशांचेच मागा. तापमान दहा अंशांनी वाढलं की त्यांचं आयुष्य साधारण निम्मं होतं, आणि मराठवाड्याच्या उन्हाळ्यात बंद डबीत काय होत असेल ते ओळखा. पुण्यात पासोड्या विठोबाच्या परिसरात किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला चांगल्या कंपनीचे मिळतात. प्लस-मायनसची बाजू जुना काढण्याआधीच फोटोत टिपून ठेवा. उलटा बसला तर फुटतो. प्लग काढल्यावरही त्यात भार उरतो, तो रेझिस्टर लावून उतरवा. ट्रान्सफॉर्मरच्या २३० व्होल्टच्या बाजूला हात घालायची सवय नसेल, तर ते काम जाणकारालाच द्या.

व्हॉल्यूम फिरवताना होणारी खरखर मात्र किरकोळ. कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा मारून बटण पुन्हापुन्हा फिरवलं की जाते. आणि टेपची स्वतःची सिस्स असतेच, तिचं खापर अ‍ॅम्पवर फोडू नका.

दुरुस्ती झाल्यावर चांगले हेडफोन लगेच लावू नयेत. आधी आउटपुटवर डीसी व्होल्टेज मोजा. वीस-पंचवीस मिलिव्होल्टपर्यंत असेल तर ठीक, व्होल्टमध्ये असेल तर हेडफोनची कॉइल जळेल. पहिली चाचणी स्वस्तातल्या इअरफोनवरच करा, तीही कानात न घालता.

तुमच्या घरी अर्थ तोडलेला एखादा अ‍ॅम्प असेल, तर तो विकण्याआधी ती हिरवी वायर जोडून द्या. घेणाऱ्याला आवाज आला तरी चालेल.