साखर सोडली म्हणून गाठ उपाशी राहत नाही

घरात कुणाला कॅन्सर निघाला की आधी साखरेचा डबा बंद होतो, मग गूळ आणि हल्ली व्हॉट्सअ‍ॅपच्या कृपेने मोसंबीसुद्धा. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे आणि अंबड-घनसावंगीतल्या बागाईतदाराला आजारपणात तिचा रस मिळत नाही, हे काही मला पटत नाही.

या समजुतीमागे थोडे तथ्य आहे. गाठीतल्या पेशी अधाशासारखे ग्लुकोज ओढतात, हे ओटो वारबर्ग यांनी १९२०च्या दशकातच दाखवले. प्राणवायू असूनही त्या ग्लुकोज अर्धवटच जाळतात, कारण नव्या पेशी बांधायला त्यांना कच्चा माल लागतो. पेट स्कॅनमध्ये टोचलेले किरणोत्सारी ग्लुकोज गाठीत साचते, म्हणूनच ती चमकते.

पण ही हाव ताटातून येत नाही, जनुकांतून येते. मिक हे जनुक बेलगाम झाले किंवा आवर घालणारे पी-५३ बिघडले की ग्लुकोज आत घेणारी आणि फोडणारी प्रथिने वाढतात. गाठीच्या आत प्राणवायू कमी पडला की हिफ-१ हे प्रथिन तीच यंत्रणा आणखी जोरात चालवते. ते शोधणारे ग्रेग सेमेन्झा २०१९च्या वैद्यकाच्या नोबेलचे एक मानकरी. बिनसाखरेच्या चहाने यातले काहीच थांबत नाही. भाकरी सोडली तर यकृत स्वतः ग्लुकोज बनवते, त्यासाठी स्नायूंतली प्रथिने खर्ची पडतात. वजन उतरते, केमो झेपत नाही.

म्हणून उपचारांच्या काळात पोटभर जेवा: भाकरी, वरण, दूध, चालत असतील तर अंडी. रेडिएशनने तोंड आले असेल तर मोसंबी झोंबेल. तेवढे दिवस दुधात कुस्करलेली भाकरी बरी. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात हवीच, पण ते पथ्य तुमच्या डॉक्टरांना विचारून. निरोगी माणसाने गोड कमी खावे, कारण लठ्ठपणा काही कॅन्सरची जोखीम वाढवतो. मात्र साखर सोडून गुटखा चालू ठेवणाऱ्यांपुढे मी हात टेकले आहेत. २०१२पासून राज्यात त्यावर बंदी आहे, तरी पुडी खिशात असतेच.

पेट स्कॅनच्या दिवशी मात्र खरोखर उपाशी राहायचे, साधारण सहा तास. साधे पाणी चालते. पहाटेच्या गाडीने निघालात तर स्टँडवरचा चहा टाळा. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन त्या दिवशी कधी घ्यायचे, हे स्कॅन सेंटरला आदल्या दिवशीच फोन करून विचारा.