पाकटाला झोंबरा वास का येतो?

सकाळी जाळ्यात आलेला पाकट दुपारी बाजारात वास मारतो आणि गिऱ्हाईक नाक मुरडून पुढे जातं, हे आपण नेहमी बघतो.

कारण समजायला आधी तळ्यातला पॅरामेशियम बघू. एकाच पेशीचा जीव, साध्या डोळ्याला जेमतेम ठिपका. बाहेर गोडं पाणी, अंगात क्षार जास्त, त्यामुळे पाणी सारखं आत शिरतं. दोन बारीक पिशव्या ते गोळा करून बाहेर फेकत राहतात, नाहीतर फुटूनच जाईल बिचारा.

पाकटाचं उलट. खाऱ्या पाण्यात अंगातलं पाणी जाऊ नये म्हणून तो रक्तामांसात युरिया धरून ठेवतो. आपल्या लघवीत असतो तोच! मेल्यावर जिवाणू त्याचा अमोनिया करतात. म्हणून आम्ही सांगतो, पाकट होडीवरच साफ करा, रक्त धुवून काढा आणि लगेच बर्फात घाला. धक्क्यावर येऊन बर्फ शोधेपर्यंत भाव पडलेला असतो.